घारापुरीला जाताना गाईड हवा का?

घारापुरी बेट मुंबईच्या अपोलो बंदरापासून पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर आहे. सरकारदरबारी मात्र ते मुंबईत मोडत नाही. ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते. त्याला स्वतःची ग्रामपंचायत आहे आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वस्त्यांत हजार-बाराशे माणसे राहतात. दोन टेकड्या, त्यांच्यामधली अरुंद घळ, काठाने खारफुटी आणि चिखल, वर आंबा, चिंच, करंज यांची गर्द झाडी, असे त्याचे रूप आहे. पश्चिमेच्या टेकडीत पाच शैव लेणी कोरलेली आहेत, तर पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही, त्यामुळे घारापुरीची सहल सकाळी निघून संध्याकाळी परतण्याची. या सहलीबद्दलचे सगळे वाद शेवटी वेळेपाशी येऊन थांबतात.

घाटकोपरसारख्या उपनगरातून तिकडे जाणाऱ्यांचे दोन गट पडतात. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, शाळा आणि सोसायट्या ठरवून, बस करून, गाईड घेऊन जातात. बाकीचे लोकल पकडून आपापले निघतात. पुढच्या संवादात या दोन्ही बाजू एकाच घरातल्या आहेत. पंतनगरला राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले काका दर हिवाळ्यात ज्येष्ठ मंडळींची सहल नेतात. त्यांची पुतणी वास्तुकला शिकते आणि गटाबरोबर कुठेही जायला तयार नसते.

काकांचा पहिला मुद्दा प्रवासाचा आहे. “अगं, चाळीस माणसं असतात आणि त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. बस सोसायटीच्या दाराशी येते, ईस्टर्न फ्रीवेला लागते आणि थेट पी. डिमेलो रोडला उतरते. मध्ये जिना नाही, गर्दी नाही. रविवारी मेगाब्लॉक असला तरी आमचं काही अडत नाही.”

“फ्रीवेपर्यंत सगळं ठीक आहे, काका,” पुतणी म्हणते. “पण बोटी सुटतात त्या गेटवेजवळ बस उभी करू देत नाहीत. लांब उतरवतात आणि मग तेच सत्तरीचे लोक उन्हात चालतात. फास्ट लोकलनं सीएसएमटी अर्ध्या तासात येतं. पुढे बेस्टची बस नाहीतर टॅक्सी. पहिल्या बोटीला मी तुमच्या आधी पोहोचते.”

इथे दोघांचेही म्हणणे खरे आहे. ईस्टर्न फ्रीवे २०१३ मध्ये चेंबूरच्या पांजरापोळपर्यंत आणि पुढच्या वर्षी घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंत खुला झाला, तेव्हापासून पूर्व उपनगरांतून दक्षिण मुंबईला बसने जाणे सोपे झाले. तरी सकाळी नऊच्या सुमाराची पहिली बोट गाठायची, तर एकट्यादुकट्याला लोकलच बरी. गटाचे कोणी ना कोणी उशिरा येते आणि पाऊण तास घाटकोपरमध्येच जातो. हा पाऊण तास पुढे कुठून कापला जातो, हे सहलीच्या पत्रकावर लिहिलेले नसते. तो लेण्यातून कापला जातो, कारण बोटीचा प्रवास आणि जेवण यांना कात्री लागत नाही.

वाराबद्दल दोघांचे पटते. लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी बोटींवर आणि पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना नोकरीची सुट्टी पाहावी लागत नाही, त्यांनी मंगळवार ते गुरुवारच निवडावा.

बोटीचा प्रवास सुमारे तासाभराचा असतो. काकांच्या सहलीत या तासात अंताक्षरी होते आणि चिवड्याची पाकिटे फिरतात. पुतणीला ते सहन होत नाही. “गाईड बरोबर घेता आणि तो तासभर गप्प बसून असतो,” ती म्हणते. “सगळं बंदर डोळ्यांसमोरून जातं. एकीकडे नौदलाच्या गोद्या, मध्ये समुद्रात बांधलेला मिडल ग्राउंडचा जुना किल्ला, मग जवाहर द्वीप, जिथे तेलाची जहाजं लागतात. पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन. उत्तरेला अटल सेतू. यातलं काय काय आहे हे तुमच्या चाळीसपैकी किती जणांना कळतं?”

काका म्हणतात, “कळायला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण म्हणजे गाईड हवा, हेच तू सांगतेस.”

पुतणीचे म्हणणे नेमके याच ठिकाणी बळकट आहे आणि काकांचेही. मुंबई बंदर पाण्यातून पाहण्याची संधी सामान्य माणसाला या बोटीवर मिळते. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या गोदीतला मोठा व्यापार खाडीच्या पलीकडे गेला. शिवडी ते न्हावा-शेवा या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले आणि बेटाच्या उत्तरेची क्षितिजरेषाच बदलली. घारापुरीची लेणी कोरली गेली तेव्हाही हे पाणी जहाजांच्या वाटेवरच होते. बेट आडबाजूला असते तर तिथे एवढे काम झालेच नसते. हे सगळे सांगायला दहा मिनिटे पुरतात. एवढे ऐकून जो बेटावर उतरतो, त्याला लेणी रानात हरवलेली वाटत नाहीत.

हिवाळ्यात बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे येतात आणि प्रवासी त्यांना फरसाण, वेफर, गाठी टाकतात. मीठ-मसाल्याचे तळलेले खाणे या पक्ष्यांचे अन्न नव्हे. गाईड बरोबर असेल तर हे थांबवणे त्याचे काम आहे, आणि गाईड नसेल तर प्रत्येक प्रवाशाचे.

सुरक्षेचा विषय निघाला की काकांचा आवाज बदलतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाच्या चाचणीसाठी निघालेली नौदलाची स्पीडबोट आदळली. बोट उलटली आणि १५ जणांचे प्राण गेले. शंभराहून अधिक माणसे त्या दिवशी पाण्यात होती. काका सांगतात, “तेव्हापासून आमच्या सहलीत नियम एकच. लाईफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोट सोडू द्यायची नाही. उकडतं, फोटो चांगले येत नाहीत, सगळं मान्य. तरी घालायचं. एकट्यानं जाणाऱ्याला हे सांगणारं कोणी नसतं.” पुतणी यावर वाद घालत नाही. जॅकेट घेऊन नुसते मांडीवर ठेवणारे प्रवासी कोणत्याही बोटीवर दिसतात. बंद बांधलेले, अंगाला घट्ट बसलेले जॅकेटच कामाला येते, आणि ते पाण्यात पडण्याआधी घातलेले असावे लागते.

बोट शेतबंदरच्या धक्क्याला लागते. ओहोटीला इथे दूरवर चिखल उघडा पडतो, म्हणून धक्का पाण्यात खूप आत नेलेला आहे आणि त्यावरून छोटी आगगाडी चालते. गाडी संपते तिथून पायऱ्या सुरू होतात. त्या सव्वाशेच्या आत-बाहेर आहेत. दोन्ही बाजूंना टपऱ्या, वर निळी ताडपत्री, त्याखाली दगडी हत्ती, मण्यांच्या माळा, काकडी, कैरी, ताक. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. डोलीत बसायला संकोच वाटून अर्ध्या पायऱ्यांवरून परत फिरणारे ज्येष्ठ पुष्कळ असतात. काकांच्या अनुभवात अशा लोकांना डोलीत बसवायला बरोबर कोणी असावे लागते. भाडे आधी ठरवलेले असावे आणि चार माणसांसमोर हुज्जत होऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. या एका कामासाठीही आयोजक असण्याला अर्थ आहे. आयोजक आणि गाईड हे एकच नव्हेत, याकडे मात्र वादात दोघांचेही दुर्लक्ष होते.

पायऱ्या संपल्यावर पुरातत्त्व खात्याचे तिकीट घ्यावे लागते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. माकडे याच टप्प्यावर भेटतात. त्यांना हातातली प्लास्टिकची पिशवी आणि शीतपेयाची बाटली लांबूनच ओळखू येते. दोन्ही वस्तू पाठीवरच्या पिशवीत गेल्या की त्यांचा त्रास उरत नाही.

मग मुख्य लेणे येते आणि खरा वादही इथेच होतो.

हे लेणे दक्षिणोत्तर जवळपास ४० मीटर खोल आहे. काळ्या बेसाल्ट दगडाचा डोंगर पोखरत नेला आणि खांब तेवढे मागे ठेवले. खांब खाली चौकोनी आहेत. वर ते गोल होतात, त्यांवर उभ्या पन्हळी आहेत आणि माथ्याला उशीसारखा दबलेला गोल भाग. उत्तरेच्या दारातून आत शिरले की उजव्या हाताला नटराज आणि डाव्या हाताला योगीश्वर शिव आहे. समोर, अगदी शेवटच्या भिंतीत, सुमारे २० फूट उंचीचा सदाशिव आहे. त्याच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगाधर. पश्चिमेला शिवपार्वतीचा विवाह आणि अंधकासुराचा वध, तर पूर्वेच्या दाराशी कैलासावरचे शिवपार्वती आणि कैलास हलवणारा रावण. लेण्याच्या पश्चिम भागात चार दारांचे लिंगगर्भगृह आहे आणि प्रत्येक दाराला दोन, असे आठ द्वारपाल.

काका विचारतात, “आता एवढं सगळं कोणी सांगितल्याशिवाय कळेल का? रावणाचं शिल्प किती फुटलंय बघ. नुसतं बघून तिथे दगडाचे तुकडेच दिसतात. रावण आहे हे माहीत असेल तरच वर डोंगर आहे, डोंगरावर शिव आहे आणि खालून रावण तो हलवतो आहे, हे लागतं. पोर्तुगिजांच्या काळात काय काय तुटलं, त्यानंतर काय तुटलं, ते सांगायला माणूस नको?”

पुतणीचे उत्तर असे: “माणूस हवा. पण काका, तुमचा गाईड गोष्ट सांगतो, शिल्प दाखवत नाही. गंगा खाली कशी आली ते सांगितलं, टाळ्या झाल्या, पुढचं शिल्प. त्या शिल्पात वर गंगेला तीन मुखं आहेत आणि शेजारी उभी असलेली पार्वती किंचित दुसरीकडे वळली आहे. हे कोणी पाहिलं का? गोष्ट तर घरी बसूनही वाचता येते.”

पुतणीचा हा आक्षेप घारापुरीपुरता फार मोलाचा आहे. कथा माहीत असणे आणि शिल्प दिसणे यांत अंतर आहे, आणि हे अंतर वेळाने भरून निघते. विवाहाचे शिल्प घ्यावे. शिवाच्या उजव्या बाजूला पार्वती उभी आहे. तिची मान खाली गेली आहे, पण अंग आखडलेले नाही. मागून तिचा पिता हिमवान तिला हलकेच पुढे सारतो आहे, आणि तो स्पर्श ढकलण्याचा नसून निरोप देण्याचा आहे, हे शिल्पकाराने दगडात राखले आहे. तिच्या मागे घट घेऊन चंद्र आला आहे. डोक्यामागची कोर पाहिली की तो ओळखू येतो. शिवाच्या डाव्या अंगाला खाली ब्रह्मदेव पुरोहित म्हणून बसला आहे. शिवाचे आणि पार्वतीचे हात तुटले आहेत. म्हणजे पाणिग्रहण ज्या हातांनी व्हायचे तेच आज नाहीत, आणि तरी पाणिग्रहण दिसते. कारण दोघांच्या खांद्यांचा कल शाबूत आहे आणि डोळा उरलेली रेघ आपोआप पुरी करतो. हे घडायला त्या शिल्पासमोर निदान दहा मिनिटे उभे राहावे लागते. पाऊण तासात आठ-नऊ शिल्पे दाखवणारा गाईड, तो कितीही जाणता असला तरी, ही दहा मिनिटे देऊ शकत नाही.

दुसरी अडचण उजेडाची आहे. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे जातात. सदाशिव दक्षिणेच्या भिंतीत खोल कोनाड्यात आहे, तिथे थेट ऊन येत नाही. गट आत येतो, गाईड लगेच बोलायला लागतो, मोबाईलचे फ्लॅश उडतात, आणि डोळे सरावायच्या आत गट पुढच्या शिल्पाकडे निघालेला असतो. ज्याने थोडे थांबायची तयारी ठेवली, त्याला सदाशिवाची तीन मुखे एकामागून एक उलगडतात. समोरचे शांत, पापण्या मिटलेले. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे मुख अघोराचे. मिशा आहेत, भुवई चढलेली, हाताशी साप. उजव्या हाताचे वामदेवाचे. चेहरा कोवळा, हातात कमळ. मागचे चौथे मुख भिंतीत आहे आणि वरचे पाचवे दाखवलेलेच नाही, अशी शैव परंपरेची समजूत. ‘त्रिमूर्ती’ म्हणून ब्रह्मा, विष्णू, महेश अशी ओळख करून देणारे गाईड अजून भेटतात. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत, हे आता अभ्यासकांमध्ये सर्वमान्य आहे.

काका यावर म्हणतात, “म्हणजे चुकीचं सांगणारा गाईड नको. गाईडच नको असं कुठे ठरलं?”

“ते मी म्हटलंच नाही,” पुतणी म्हणते. “पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेला गाईड घ्या. बोलण्याआधी त्याला पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. आणि उत्तरेच्या दारानं शिरून तडक सदाशिवापाशी नेऊ नका म्हणावं. आधी पूर्वेच्या अंगणात जाऊ दे.”

तिच्या या सूचनेला आधार आहे. लेण्याला दोन अक्ष आहेत. उत्तरेकडून येणारा सदाशिवाकडे जातो, पूर्वेकडून येणारा लिंगाच्या गर्भगृहाकडे. मूळचे मुख्य प्रवेशद्वार पूर्वेचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या बाजूने आत आले तर आधी रावण आणि कैलास लागतात आणि समोर, खांबांच्या दोन रांगांमधून, गर्भगृहाचे दार व द्वारपाल दिसतात. मग सदाशिव डाव्या अंगाला, अनपेक्षितपणे, अंधारातून पुढे येतो. आज तिकिटाची खिडकी आणि पायऱ्या उत्तरेला आहेत म्हणून सगळे तिकडून शिरतात. आत गेल्यावर वळून पूर्वेला जायला कोणाचीच मनाई नाही.

लेणे कोणी कोरवले, हा प्रश्न प्रत्येक गटात कोणीतरी विचारतेच. ‘पांडवांनी एका रात्रीत’ हे उत्तर गावागावांत मिळते, तसे इथेही मिळते. काकांना ते टाळावेसे वाटत नाही. लोकांनी जपलेली आठवण म्हणून ते सांगावे, असे त्यांचे मत आहे. पुतणीला पुरावा हवा. पुरावा मात्र मोठा चटका लावणारा आहे. लेण्याच्या दाराशी एक कोरीव लेखाचा दगड होता. १५३४ मध्ये बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेल्यावर तो काढून पोर्तुगालला राजाकडे पाठवला गेला, असे पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो याने लिहून ठेवले आहे. तिथे तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला. लेण्याचा काळ आणि कर्ता कदाचित त्या एका दगडावर होता. आता शैलीची तुलना आणि नाणी यांवरच भिस्त आहे. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडली आहेत. मजुरांना ती मजुरी म्हणून दिली गेली असावीत, असा तर्क केला जातो. कलचुरी हे पाशुपत शैव होते आणि लेण्यातल्या शिवाची रूपे त्या पंथाशी जुळतात. म्हणून सहाव्या शतकाचा मध्य हा काळ आज बहुतेक जण मानतात. दुसऱ्या पुलकेशीच्या इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून ‘पुरी’ नगरीचा उल्लेख आहे. ती पुरी म्हणजे हीच, असे काही इतिहासकारांचे मत.

बेटावर उतरण्याच्या जागेजवळ एक मोठा दगडी हत्ती होता. पोर्तुगिजांनी त्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ मध्ये त्याची मान व डोके कोसळले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून पुढे जोडण्यात आले. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी, तो आजही उभा आहे. घाटकोपरहून भायखळा फास्ट लोकलने तिसरे स्थानक. घारापुरी पाहिलेल्या आणि हा हत्ती न पाहिलेल्या उपनगरवासीयांची संख्या मोठी असावी. शाळांच्या सहलींनी तरी या दोन ठिकाणांची जोडी करायला हवी.

जेवणावरून काका-पुतणीत फारसा वाद नाही. बेटावर जेवण मिळते, पण सहलीचा सर्वांत मोठा तुकडा त्यातच जातो. चाळीस माणसांना एकाच वेळी वाढायचे म्हणजे दीड तास. पुतणी डबा नेते. काकांच्या मंडळींना गरम जेवण हवे असते आणि गावातल्या बायकांना त्यातून काम मिळते. हा काकांचा युक्तिवाद हलका नाही. उलट, मार्गदर्शित सहलींकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते गावाचेच.

पुतणी सांगते, “तुमच्या सहलीला बेट म्हणजे लेणं आणि पायऱ्या. त्यापलीकडे गाव आहे. राजबंदर, मोराबंदर कोणी बघत नाही. टेकडीवर दोन जुन्या तोफा आहेत, तिथून सगळी खाडी दिसते, तिथेही कोणी जात नाही.”

“तोफांपर्यंत आमच्यातले पाच जण चढतील,” काका म्हणतात, “पण गावात गेलेलं बरं, हे खरं. नुसतं टपरीवर घासाघीस करून परत येणं बरोबर नाही.”

या गावात तारेची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळाखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली गेली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा आणि मग काळोख. समोर, तासाभराच्या अंतरावर, मुंबईचे दिवे रोज लागत होते. फ्रिज नाही म्हणून मासे टिकवता येत नव्हते, थंड पाणी विकायचे तर बर्फ बोटीने आणावा लागे. लेण्याच्या दाराशी बसून काकडी विकणाऱ्या बाईकडून ही हकीगत ऐकली, तर ती सहलीतल्या कोणत्याही माहितीइतकीच मोलाची आहे. इथले लोक मासेमारी करतात, थोडा भात लावतात, टपऱ्या चालवतात, डोल्या उचलतात आणि काही जण गाईडचे कामही करतात. मुंबईहून गाईड नेण्याऐवजी शिल्पांसाठी मान्यताप्राप्त गाईड आणि गावासाठी गावचाच माणूस घेतला, तर पैसा बेटावर राहतो आणि लहानपणापासून ज्याने त्या टेकड्या पायांखाली घातल्या त्याच्या तोंडून बेट कळते. ग्रामपंचायतीचा पर्यटक कर किरकोळ असतो. तो भरताना कुरकुर करणाऱ्यांनी त्या मोबदल्यात कचरा कोण उचलतो, एवढा विचार करावा.

आता वादाची गाठ सुटते. मार्गदर्शित सहल या एका नावाखाली दोन वस्तू एकत्र विकल्या जातात. एक व्यवस्था, म्हणजे बस, बोट, जॅकेट, डोली, जेवण. दुसरी समज, म्हणजे समोर काय आहे ते उलगडून दाखवणे. काका पहिलीसाठी भांडतात, पुतणी दुसरीसाठी, आणि दोघेही दोन्हींना गाईड म्हणतात. व्यवस्था कोणाला लागते हे वयावर, गुडघ्यांवर आणि गटाच्या संख्येवर ठरते. धडधाकट माणसाला ती घारापुरीत लागत नाही. समज मात्र सर्वांनाच लागते, पंचविशीच्या विद्यार्थिनीलाही. सर्वांत वाईट सौदा होतो तो व्यवस्थेचे वेळापत्रक समजेच्या वेळावर बसते तेव्हा, आणि बहुतेक पॅकेजांमध्ये तेच होते. लेण्याला दोन तास द्यावेत, बाकी सगळे त्याभोवती बसवावे.

काका यावर व्यवहाराचा प्रश्न विचारतात. “दोन तास उभं राहणं जमेल का लोकांना?”

“खांबांच्या ओट्यांवर बसू दे. लेण्यात गारवा असतो,” पुतणी म्हणते. “आणि दोन तास पुरे पडावेत म्हणून आधीची तयारी हवी. जोगेश्वरी दाखवा त्यांना आधीच्या रविवारी.”

ही सूचना घाटकोपरकरांच्या अगदी हाताशी आहे. जोगेश्वरी पूर्वेचे लेणे घारापुरीच्या थोडे आधीचे, सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले मानले जाते. तिथेही प्रशस्त मंडप, मध्ये चार दारांचे गर्भगृह आणि भिंतींवर झिजलेली शिवाची शिल्पे आहेत. देवीची पूजा तिथे अखंड चालू आहे, तर घारापुरीला नित्य पूजा नाही. महाशिवरात्रीला मात्र आजूबाजूच्या गावांतले लोक दर्शनाला येतात. घाटकोपरहून २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्थानकावर उतरले की पुढे रिक्षा मिळते. तिकीट नाही, बोट नाही, डोली नाही. ज्याने जोगेश्वरीचा आराखडा डोळ्यांत भरून घेतला, त्याला घारापुरीत काय बदलले आणि काय वाढले ते कोणी सांगावे लागत नाही. जोगेश्वरीत पाण्याने झिजून गेलेली शिल्पे कशी असतील, याची कल्पनाही घारापुरीतूनच येते.

शेवटी दोघांनी मिळून आखलेली सहल अशी. आधीच्या रविवारी जोगेश्वरी. घारापुरीसाठी जानेवारीतला मंगळवार. चालू शकणारे लोकलने, बाकीचे बसने, आणि दोन्ही गटांनी गेटवेला पहिल्या बोटीच्या अर्धा तास आधी भेटायचे. बोटीवर दहा मिनिटे बंदराची माहिती, ती पुतणी सांगणार. जॅकेट सर्वांनी. धक्क्यावरून छोटी गाडी, डोल्यांचे भाडे काकांनी आधी ठरवायचे. लेण्यात साडेदहा ते साडेबारा, मान्यताप्राप्त गाईडसह, सुरुवात पूर्वेच्या अंगणातून. जेवण गावातल्या घरी, चाळिसांना दोन पंगतींत. पहिली पंगत बसली असताना दुसऱ्या गटाने शेतबंदरच्या वाडीत फिरून यायचे. परतीची बोट साडेतीनच्या आसपासची, कारण शेवटच्या बोटीपर्यंत थांबले की धक्क्यावर रांग लागते आणि ज्येष्ठांना तासभर उभे राहावे लागते.

पावसाळ्यात ही सहल ठेवू नये, यावर दोघांचे एकमत आहे. तेव्हा बेट सर्वांत हिरवे असते आणि लेण्यासमोर धबधब्यासारखे पाणी कोसळते, हे खरे. पण समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि पायऱ्या शेवाळतात. धोक्याचा बावटा लागला तर परतीची बोट कधी सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. मार्चनंतर पायऱ्यांवरचे ऊन सत्तरीच्या माणसाला झेपत नाही.